न दिलेले आठ पत्रे

माझ्या वैनीला सध्या म्हैसूरच्या आमच्या बन्नीमंटपात लोक काय काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे. हट्टी म्हातारी म्हणतात, डोकं फिरलंय म्हणतात, गरिबाच्या तोंडचा घास काढला म्हणतात. म्हणू देत. पण त्यातल्या एकानं तरी दारात येऊन विचारायचं होतं की बाई, झालं तरी काय? बोलायला आले, विचारायला कुणी आलं नाही. म्हणून मीच सांगते, आणि सगळं सांगते. अर्धवट सांगायची मला सवय नाही.

मी चंद्रिका. कुसुमबाई ही माझ्या थोरल्या भावाची, नागराजअण्णाची बायको. आम्ही शिंपी. म्हैसूरला येऊन किती पिढ्या झाल्या ते आता कुणी मोजत नाही. घरात मराठी बोलतो, बाजारात कन्नड, आणि भांडायला लागलो की दोन्ही. आमच्या समाजाचं विठ्ठल मंदिर आहे, त्याच्यामागं एक लांब शेड आहे, आणि त्या शेडमध्ये बावीस वर्षं वैनीनं पोरींना शिवण शिकवलं. नाही म्हणणं तिला जमतच नसे. कुणाचा ब्लाऊज तंग झाला, कुणाला पिको करून हवं, कुणाच्या पोरीचं लग्न दोन दिवसांवर आलं, सगळे तिच्याकडेच. मी ओरडायची, "वैनी, तू काय धर्मशाळा उघडलीस?" ती दाताखाली दोरा तोडायची आणि पुढचं कापड ओढायची.

त्या शेडवर सिमेंटचे पत्रे होते. आमच्याकडे सगळे त्यांना शीट म्हणतात. करडे, नागमोडी, वर शेवाळ आलेले. अर्ध्या म्हैसूरच्या डोक्यावर असलेच असतील, त्यात नवल नाही. त्या सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉस नावाच्या दगडाचे तंतू घातलेले असतात, हे आमच्या घराला इतरांपेक्षा आधी माहीत होतं. कारण अण्णा असले पत्रे बनवणाऱ्या कारखान्यातच होता.

कारखाना म्हैसूरच्याच हेब्बाळ भागात होता. केव्हाच बंद पडला. त्याच रस्त्यावरून आता अण्णाचा मुलगा सुदीप कंपनीच्या बसनं कॉम्प्युटरच्या नोकरीला जातो. अण्णा संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या असायच्या. मी चिडवायची, "काय अण्णा, गिरणीत होतास की काय?" तो हसायचा आणि मागच्या पायरीवर जाऊन सदरा काढायचा. वैनी तो सदरा झटकायची, मग धुवायची. अठरा-एकोणीस वर्षं, रविवार सोडून रोज.

आणि पोती. ही पोत्यांची गोष्ट सांगताना मला अजून कसंतरी होतं. कच्चा माल ज्या पोत्यांतून यायचा ती रिकामी पोती अण्णा घरी आणायचा. जाड, घट्ट विणीची, दोन पदरी. शिंप्याच्या घरात चिंधी फेकत नाहीत, मग असलं कापड बघून आमचे हात शिवशिवणार नाहीत तर काय होणार? रविवारी सकाळी आम्ही दोघी परसात दोरीवर पोती टाकायचो आणि काठीनं झोडायचो. एका बाजूनं ती, दुसऱ्या बाजूनं मी. मग धुवून वाळवायची आणि शिवायची. पायपुसणी केली, मशीनवरची झाकणं केली, देवापुढची बसकरं केली, गोधडीच्या आत घातली. अण्णा कापलेल्या पत्र्यांचे तुकडेही आणायचा. त्यांच्यावर गरम इस्त्री ठेवली तर टेबल जळत नाही, म्हणून गल्लीतल्या प्रत्येक शिंप्याकडे तसला एक तुकडा होताच. वैनीनं पोत्यांचं काही ना काही दिलं नाही असं आमच्या गल्लीत एक घर नव्हतं. बायका म्हणायच्या, कुसुमबाईचं पायपुसणं फाटतच नाही. आम्हाला काय अभिमान वाटायचा!

अण्णाला दम लागायला लागला तेव्हा तो कारखाना सोडून बरीच वर्षं झाली होती. आधी आठ महिने क्षयाची औषधं दिली. क्षय नव्हताच. शेवटी एका डॉक्टरनं कामाचं विचारलं आणि म्हणाला, फुप्फुसात त्या धुळीचे तंतू आहेत, ते आता निघायचे नाहीत. अण्णा दोन पायऱ्या चढून बसायचा, परत दोन चढायचा. तो गेला त्याला आता नऊ वर्षं होतील. आम्ही म्हटलं, कारखान्यानं नेला. तिथंच आम्ही विषय संपवला, आणि तिथंच आमचं चुकलं.

मागच्या वर्षी वैनीला खोकला सुरू झाला. कोरडा, हट्टी खोकला. मी तिला जवळजवळ ओढत छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी छातीचा फोटो काढला, मग मशीनमध्ये घालून आणखी एक मोठा फोटो काढला, आणि विचारलं, "तुम्ही कुठल्या कारखान्यात होता का?"

"नाही. मी शिवते," वैनी म्हणाली.

"घरात कुणी होतं?"

"नवरा."

"त्यांचे कपडे कोण धुवायचं?"

"आणि कोण धुणार?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. कारखान्यात पाऊल न टाकता फक्त घरी आलेल्या कपड्यांमुळं बायकांना हा आजार होतो. आत गेलेला तंतू वीस वर्षं, तीस वर्षं, चाळीस वर्षंही गप्प बसतो आणि मग डोकं वर काढतो. वैनीच्या फुप्फुसाच्या आवरणावर जाड डाग होते आणि खालचं फुप्फुस कडक होत चाललं होतं. पुढं कॅन्सरची भीती असते म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायचं. वैनीनं सगळं ऐकून घेतलं आणि मग स्वतःहून पोत्यांचं सांगितलं. बाईंनी लगेच माझ्याकडे वळून विचारलं, "आणि तुम्ही?"

माझाही फोटो काढला. तो स्वच्छ आला. "आत्तापुरता," बाई म्हणाल्या, "दरवर्षी येत जा." एकाच दोरीवरची पोती आम्ही दोघींनी झोडली, आणि माझा फोटो स्वच्छ आला याची मला लाज वाटते. ही लाज कुठं ठेवायची ते मला अजून कळलेलं नाही.

वैनीनं मला विठ्ठलाची शपथ घातली. कुणाला सांगायचं नाही. पोरींचे आईबाप घाबरतील, क्लास बंद पडेल. सुदीपला तेवढं सांगितलं. तो इंटरनेटवर वाचत बसला आणि रोज नवीन काहीतरी घेऊन यायचा. जुन्या घरांत ते कुठं कुठं असू शकतं त्याची यादीच त्यानं केली. छत, पाइप, जुन्या मऊ फरशीच्या चकत्या आणि त्यांच्याखालचा काळा गोंद, चुलीमागं लावलेल्या लॅमिनेटच्या फळीचा पाठचा थर. मी म्हटलं, "अरे, आता श्वास घ्यायचा की तोही सोडायचा?" पण डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती आणि ती वैनीनं घट्ट धरून ठेवली. अखंड पत्रा डोक्यावर आहे म्हणून लगेच कुणाला काही होत नाही. तो फोडला, कापला, घासला की तंतू सुटतात, आणि ते डोळ्यांना दिसतही नाहीत.

यंदा मंदिराच्या कमिटीनं शेडचं छत बदलायचं ठरवलं. गळत होतं, ठीकच आहे. दसऱ्याच्या आत करायचं, कारण दसऱ्याच्या रात्री इथल्या मैदानावर होणाऱ्या मशालींच्या कवायतीला आलेले पाहुणे आमच्या आवारात उतरतात. आमचे अध्यक्ष दत्तोजीराव, माणूस वाईट नाही, पण काम उरकायची घाई फार. त्यांनी ठरवलं की माणसं वर चढवायची, घणानं पत्रे फोडून खाली पाडायचे, आणि तो सगळा चुरा आवारातल्या खड्ड्यांत भरून वर रोलर फिरवायचा. म्हणजे वायाही काही जाणार नाही. शिंप्याची अक्कल आमची, चिंधी जपणारी.

वैनीनं दोनदा जाऊन सांगितलं. दोन्ही वेळा चहा देऊन परत पाठवलं. मग ज्या दिवशी माणसं येणार होती त्या दिवशी ती सकाळी सातलाच शेडमध्ये जाऊन मधोमध आपलं मशीन लावून बसली आणि कुणाच्या तरी परकराला नाडीची पट्टी घालायला लागली. मी तिच्या शेजारी. माणसं घण घेऊन आली, वर बघितलं, खाली बघितलं, आणि बिडी ओढायला बाहेर गेली. दत्तोजीराव धावत आले. मागोमाग कमिटी आली, क्लासच्या पोरी आल्या, गल्ली आली.

"अय्यो कुसुमबाई, हे काय? उठा बघू. डोक्यावर पडेल."

"पडू दे. मी उठत नाही."

"अहो, दुकानात आजही शीट मिळतंय! विष असतं तर सरकारनं विकू दिलं असतं का?"

"सरकार माझ्या घरी रविवारी पोती झोडायला नव्हतं."

त्यांना ते कळलं नाही. ते म्हणाले, "बरं, माणसांना मास्क देऊ, मग तर झालं? कोरोनात आपल्या समाजानं शिवलेले दोन गोण्या मास्क तसेच पडलेत."

आता त्या मास्कचा आमच्या समाजाला केवढा गर्व आहे सांगू! पेपरात नाव आलं होतं. मंदिरात फोटो लावलाय. त्यातले निम्मे वैनीनं शिवलेले. ती म्हणाली, "दत्तोजीराव, ते मी शिवलेत. सुईच्या नेढ्यातून दोरा जातो तितक्या सहज हा तंतू त्या कापडातून जातो. इथं आपलं शिवण काही कामाचं नाही."

लोक कुजबुजायला लागले. आपल्याच हाताच्या कामाला असं कोण म्हणतं? दत्तोजीरावांचा आवाज चढला. "चाळीस वर्षं तुम्ही या शीटमध्येच आहात ना? नवरा त्यात, तुम्ही त्याखाली. काय झालं तुम्हाला? चांगल्या ठणठणीत बसलाय, भांडताय!"

वैनीनं मशीन थांबवलं. "चंद्री, माझी पिशवी दे."

मी म्हटलं, "वैनी, नको." खरंच म्हटलं. मीच घाबरले होते. तिनं हात पुढं केला तो केलाच. पिशवीतून तिनं फोटोची काळी फिल्म काढली, खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाली, "हे झालं मला."

मग ती सगळं बोलली. मध्ये मध्ये दम खायला थांबत होती, पण बोलत राहिली. अण्णाचा सदरा, पोती, काठी, पायपुसणी. कुणाला काय दिलं ते नावं घेऊन सांगितलं. "तुमच्या घरी देवापुढं बसकर होतं, जाड, निळ्या काठाचं. तेही त्याच पोत्याचं. मी दिलं होतं."

दत्तोजीराव तिथंच कटिंगच्या टेबलाच्या कडेवर बसले. म्हणाले, "आई बसायची त्यावर."

"ठाऊक आहे. म्हणून तर सांगतेय. मला माहीत नव्हतं तेव्हा मी दिलं. आता माहीत आहे. आता या पोरी जिथं चालणार तिथं तुम्ही हा चुरा पसरणार असाल तर आधी मला उचलून बाहेर टाका."

कोण उचलणार तिला? घणवाली माणसं बाहेरून सगळं ऐकत होती. त्यांच्यातला एक जण आत आला, त्यानं तिच्या पायाला हात लावला, घण खांद्यावर टाकला आणि बाकीच्यांना घेऊन निघून गेला. त्याला तरी कळलं.

पुढचं सुदीपनं केलं. बंगळुरूहून असल्या कामाचा परवाना असलेली माणसं बोलावली. त्यांनी शेडला चारी बाजूंनी कापड बांधलं, पत्र्यांवर पाणी मारून मारून ते ओले ठेवले, बोल्ट सोडवले आणि एक एक पत्रा अखंड खाली उतरवला. अंगभर पांढरे कपडे, चेहऱ्याला घट्ट बसणारे फिल्टरचे मास्क. सगळे पत्रे जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून, चिकटपट्टी मारून मंदिराच्या भिंतीशी रचले. ते पत्रे घेऊन जाणारी गाडी तीन दिवसांनी येणार होती.

त्या तीन दिवसांत वैनीनं काय काय ऐकलं! निम्म्या आईबापांनी क्लासमधून पोरींची नावं काढली. गल्लीतल्या बायका दारात येऊन बोलून गेल्या. जिचं पायपुसणं फाटत नव्हतं तीच आता म्हणाली, "तू आमच्या घरात विष दिलंस." मी पुढं सरकले तर वैनीनं मला मागं ढकललं. म्हणाली, "होय, मी दिलं. चल, उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल, फोटो काढून घेऊ. मी येते." चार जणी गेल्या तिच्याबरोबर. चारही फोटो स्वच्छ. वैनी घरी येऊन विठ्ठलासमोर बसली आणि रडली. एवढ्या सगळ्यात तेवढीच एकदा रडली.

आणि तिसऱ्या दिवशी दुपारी सयाजीराव टेंपो घेऊन आला.

सयाजीराव आमच्यातलाच. जवळच्या येलवाल गावी राहतो, शाळेचे गणवेश शिवतो, दोन म्हशी आहेत. वळवाच्या वाऱ्यात त्याच्या गोठ्याचं छप्पर उडालं होतं. दत्तोजीरावांनी त्याला आधीच शब्द दिला होता की चांगले बघून आठ पत्रे तुला बाजूला काढतो. आणि मग एवढं रामायण झाल्यावर नाही म्हणून कळवायची हिंमत त्यांना झाली नाही. टेंपो आवारात शिरलेला बघून ते मंदिराच्या खांबाआड जाऊन घंटेला पॉलिश करत उभे राहिले. घंटेला! मी बघितलं ना.

वैनी खुर्ची घेऊन पत्र्यांच्या ढिगासमोर जाऊन बसली.

"अक्का, जरा सरकतेस? आठच न्यायचेत."

"सयाजी, हे द्यायचे नाहीत."

तो हसला. त्याला वाटलं, ती थट्टा करतेय. तिच्याकडून रिकाम्या हातानं परत गेलेला माणूस त्यानं कधी बघितला नव्हता. "माझ्या लग्नाचा सदरा तू शिवलास अक्का, पै घेतली नाहीस. आणि टाकून द्यायचे पत्रे देत नाहीस?"

"नाही देत. टिनाचे घेऊन देते. पंधरा दिवस थांब."

"म्हणजे फुकटातले फेकून देणार आणि विकतचे देणार? हुच्च लागलंय काय तुला?" हुच्च म्हणजे वेड. मला ते लागलं, वैनीला नाही.

तिनं विचारलं, "तुझ्या गोठ्याला हे लांब होतील. मग काय करशील?"

"कापीन की. ग्राइंडर आहे माझ्याकडे."

"कापताना दुसऱ्या बाजूनं कोण धरणार?"

"सून धरेल. आणि कोण धरणार?"

वैनीच्या छातीचा भाता वरखाली होत होता. मग तिनं खुर्चीचे हात धरले आणि म्हणाली, "मी मेले तरी देणार नाही. जा."

मग काय, त्याचा तोल सुटला. समाजाची वस्तू आहे, तुझ्या बापाची नाही. नवऱ्याला खाल्लंस, गल्लीला विष घातलंस, आता माझ्या मुक्या जनावरांना उन्हात ठेवतेस. आवारात लोक जमले. एक माणूस मध्ये पडला नाही. उलट दोघं-तिघं म्हणाले, खरंच की, गरीब माणूस आहे, आठ पत्र्यांनी काय होतंय. खांबाआडून घंटेवर कापड घासल्याचा आवाज येत होता. सयाजीरावानं वैनीच्या पायापाशी थुंकून टेंपो वळवला आणि फाटकातून बाहेर पडेपर्यंत तो खिडकीतून डोकं काढून शिव्या देत होता. असल्या शिव्या, की मी इथं सांगू शकत नाही.

माझं डोकं सणकलं होतं. मी चप्पल काढून फाटकाकडे निघाले होते. वैनीनं माझं मनगट धरलं. तिला बोलता येत नव्हतं, चार शब्द बोलायची आणि श्वास घ्यायची. तरी बोटं अशी घट्ट, की मला सुटता येईना.

"देऊ दे गं शिव्या," ती म्हणाली. "शिव्या द्यायला... छातीत दम असावा लागतो. त्याच्यात आहे. तेवढा राहू दे त्याच्यात."